चेक इंजिनचा दिवा विझवला तरी पुन्हा लागतो: खान्देशात घरच्या घरी करायची तपासणी

लक्षणे

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तो घालवला जातो आणि चार-आठ दिवसांत पुन्हा लागतो. ही तक्रार घेऊन गेल्या दहा-बारा वर्षांत घरातल्या, भावकीतल्या आणि शेजारपाजारच्या इतक्या गाड्या माझ्या अंगणात उभ्या राहिल्या आहेत की आता बॉनेट उघडण्यापूर्वी मी काही ठरावीक प्रश्न विचारतो. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही; जळगाव जिल्ह्यात माझी शेती आहे आणि घरची गाडी बांधावरच्या धुळीतून रोज जाते-येते. त्यामुळे हा दिवा का लागतो हे मला स्वतःच्या खर्चाने शिकावे लागले.

दिवा स्थिर लागून राहतो की उघडमीट करतो, हा पहिला प्रश्न. त्यानंतर तो पहिल्यांदा केव्हा लागला हे विचारावे: सकाळी थंड गाडी सुरू करताना, कन्नडचा घाट चढताना, गाडी धुऊन आणल्यावर, इंधन भरल्यावर, की गाडी सीएनजीवर असतानाच? सोबत आणखी काय जाणवते, तेही नीट आठवावे. गाडी मिस मारत असेल तर ती रेल्वे फाटकापाशी उभी असताना थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर झटके देते. पिकअप कमी होणे, ॲव्हरेज घटणे, पहिल्या सेल्फला गाडी न लागणे, सायलेन्सरमधून काळा धूर किंवा कच्च्या पेट्रोलचा वास येणे, ठरावीक वेगापुढे गाडी न जाणे ही बाकीची लक्षणे होत. पुष्कळदा मात्र यांपैकी काहीच नसते. गाडी नेहमीसारखी ओढते आणि फक्त दिवा लागलेला असतो. अशा वेळी गाडी सावकाश घरी आणून तपासायला हरकत नाही.

दिवा उघडमीट करत असेल तर तसे करू नये. इंजिनातील एखादा सिलिंडर पेटत नाही आणि त्यातले न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आहे, असा त्याचा अर्थ असतो. त्या कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो, आणि अतिउष्णतेने ती जाळी एकदा वितळली की संपूर्ण भाग बदलण्याचा खर्च ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल यांच्या कितीतरी पट होतो. म्हणून वेग लगेच कमी करावा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी आणि उघडमीट थांबत नसेल तर ती ओढूनच न्यावी. ऑइलच्या कुपीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर विचार करण्यातही वेळ घालवू नये; इंजिन त्याच क्षणी बंद करावे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतले कूलंट दाबाखाली असते आणि उसळून तोंडावर येते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. चावी पहिल्यांदा ऑन केली, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी, चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर दिवाच बिघडलेला असतो किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

इंधनाच्या टाकीचे झाकण घट्ट बसवा, असा सल्ला सर्वत्र पहिला दिला जातो. तो मुख्यतः अमेरिकेतील गाड्यांच्या अनुभवातून आला आहे, कारण तिथल्या नियमांनुसार टाकीतून होणारी वाफेची गळती गाडीच्या संगणकाने ओळखणे आवश्यक असते. आपली भारत स्टेज (बीएस) ही प्रदूषणाची मानके युरोपीय मानकांच्या वळणाने तयार झालेली असल्यामुळे आपल्याकडे केवळ झाकण सैल राहिल्याने दिवा लागण्याचा संभव बराच कमी असतो. तरीही झाकण काढून त्याचे रबर चिरले आहे का ते पाहावे आणि कट्ट असा आवाज येईपर्यंत फिरवावे. त्याला अर्धा मिनिट लागतो. मात्र झाकण घट्ट केले म्हणजे काम झाले, असे समजून थांबू नये.

त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून हातात टॉर्च घ्यावी आणि दहा मिनिटे फक्त पाहावे. आपल्या भागात दिवा पुन्हा पुन्हा लागण्याची जी कारणे मला सर्वाधिक वेळा सापडली, ती स्कॅनरच्या आधी डोळ्यांनाच दिसली होती. त्यांत उंदीर पहिला. खरिपाची कापणी झाली, मका आणि कापूस घरात किंवा शेडमध्ये आला की शेतातले उंदीर त्याच्या मागोमाग येतात, आणि रात्री उबदार इंजिनाइतकी चांगली जागा त्यांना दुसरी सापडत नाही. बॅटरीखाली, इंजिनावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली आणि वायपरच्या खालच्या पन्हाळीत कापसाचे पुंजके, शेंगांची टरफले किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा प्रत्येक पट्टा बोटांनी चाचपून पाहावा. लेंड्या काढताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे असावेत, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात.

माझ्या चोपड्याच्या मामेभावाची गाडी या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवून गेली. मे महिन्यातले ऊन होते, दिवा लागला होता आणि एका गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी०११३ हा कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, आल्यावर आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर बदलण्यात आला होता. चार दिवसांनी दिवा परत लागला, तेव्हा तोच कोड पुन्हा आला. गाडी माझ्याकडे आल्यावर मी (पुढे सांगितलेला अडॅप्टर लावून) मोबाइलवर सेन्सरचे चालू आकडे पाहिले, तर अंगणातल्या सावलीतही घाम थांबत नव्हता आणि गाडीच्या मते आत येणारी हवा उणे ४० अंश सेल्सिअस होती. या जातीच्या सेन्सरचा विद्युतमार्ग तुटला की संगणकाला असाच टोकाचा थंड आकडा दिसतो. म्हणजे कोडने सेन्सरचे नाव घेतले होते, पण तक्रार त्या संपूर्ण मार्गाबद्दल होती, आणि त्या मार्गात सेन्सर, कपलर म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, आणि दोन हात लांबीच्या तारा असे सगळेच येते. मी आकड्यावर नजर ठेवून वायरिंग हळूहळू हलवत गेलो, तेव्हा एका वळणाशी आकडा एकदम उणे ४० वरून ४३ वर आला. टेप सोडल्यावर आत तार कुरतडलेली निघाली. दोन-तीन धागे शिल्लक होते आणि रस्त्यावर हादरा बसला की त्यांचा संपर्क तुटत होता. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून तार कापून घेतली, डाग देऊन जोडली, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, आणि तो कोड पुन्हा कधीच आला नाही. नुसत्या पिळ्याने जोडलेली आणि टेप गुंडाळलेली तार या उन्हात आणि धुळीत फार दिवस टिकत नाही, हेही मी याआधी दोनदा अनुभवले होते.

तारांनंतर रबरी पाइप पाहावेत. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंत जाणारा घडीदार पाइप वरून धडधाकट दिसतो, पण ४४-४५ अंशांचे काही उन्हाळे सोसल्यावर त्याच्या घड्यांच्या तळाशी चिरा पडतात, म्हणून तो हाताने थोडा वाकवून घडी उघडून पाहावी. बारीक व्हॅक्यूम पाइपांची टोके सैल किंवा कडक झाली आहेत का, क्लिपा जागेवर आहेत का, आणि अलीकडे कोणत्याही कामासाठी काढलेला एखादा कपलर अर्धवट बसला आहे का, हेही पाहावे. सर्व्हिसिंग करून आणल्यावर दोन दिवसांत दिवा लागला असेल तर मी प्रथम एअर फिल्टरच्या डब्याजवळचे कपलर दाबून पाहतो.

दसऱ्याच्या सुमारास एक वेगळीच तक्रार येते. पूजेआधी गाडी चकचकीत व्हावी म्हणून बॉनेट उघडून प्रेशर पंपाने इंजिन धुतले जाते, पाणी कॉइलच्या कपलरमध्ये आणि प्लगच्या विहिरींत साचते आणि गाडी मिस मारू लागते. अशा वेळी काहीही बदलू नये. कॉइल काढता येत असतील तर काढून पुसाव्यात, विहिरीतले पाणी कापडाने टिपावे आणि बॉनेट उघडे ठेवून गाडी दिवसभर वाळू द्यावी. इंजिन धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसले तरी पूजेला चालते.

एअर फिल्टरचा डबा उघडून पाहण्यालाही पैसे लागत नाहीत. कापूस वेचणीच्या आणि नांगरटीच्या दिवसांत कच्च्या रस्त्याने चालणाऱ्या गाडीचा फिल्टर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच भरतो. तथापि फिल्टर मळला म्हणून दिवा लागण्यापेक्षा फिल्टर नीट न बसल्यामुळे धूळ त्याच्या बाजूने आत जाऊन लागण्याचे प्रमाण मला जास्त दिसले आहे, म्हणून डब्याची फिल्टरपलीकडची बाजू बोट फिरवून पाहावी. तिथे मातीचा थर लागला तर फिल्टरची कड दुमडलेली असते किंवा डब्याची एखादी क्लिप तुटलेली असते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये आणि कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फोडू नये; त्याची छिद्रे मोठी होतात आणि पुढची धूळ थेट दट्ट्यापर्यंत जाते.

कोड वाचणे

इथवर काही सापडले नाही तर कोड वाचावा. डॅशबोर्डखाली, बहुधा स्टिअरिंगच्या आसपास, सोळा पिनांचे सॉकेट असते आणि त्यात बसणारा ब्लूटूथचा लहान अडॅप्टर साधारण ५०० ते १५०० रुपयांत मिळतो. त्याच्यासोबत मोबाइलवर एक ॲप घ्यावे लागते. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली असल्यामुळे या काळातल्या गाड्यांशी असे अडॅप्टर सहसा बोलतात. त्याहून जुन्या काही गाड्यांशी ते बोलत नाहीत. काम झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवावा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी त्याच्यामुळे हळूहळू उतरते.

बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि नेमकी तीच गोष्ट या टप्प्यापूर्वी करू नये. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, त्यावर भार किती होता, याची एक नोंद संगणक कोडसोबत जपून ठेवतो आणि कोड पुसला किंवा टर्मिनल काढले की ती नोंदही जाते. म्हणून कोड आणि त्यासोबतचे आकडे यांचा मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्यावा आणि मगच पुढे जावे. गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबावे. स्क्रीनशॉट घेऊन ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी आणि स्वतः काही उघडू नये.

कोडची रचना समजून घेतली की भीती कमी होते. पी हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गटाचे आहे. त्यापुढचा अंक शून्य असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांत सारखा असतो, एक असेल तर तो बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि इतरत्र वाचलेला अर्थ त्याला लावू नये. तिसऱ्या जागी १ किंवा २ असेल तर प्रश्न हवा-इंधनाच्या प्रमाणाचा, ३ असेल तर ठिणगीचा म्हणजे मिसफायरचा आणि ४ असेल तर धुराच्या शुद्धीकरणाचा असतो. एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड आले तर पाच-सहा भाग बिघडल्याचे मानू नये. त्यामागे बहुधा बॅटरी किंवा अर्थिंग असते.

बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग

कोड लिहून झाल्यावर मल्टीमीटर लावावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळतात. अलीकडच्या काही गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतात, त्यामुळे त्यांत हा आकडा मध्येच खाली दिसला तर लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नये. सेल्फ मारताना दाब १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी दमली आहे. आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीचे आयुष्य खातो, हिवाळ्यातल्या पहिल्या थंड सकाळी ती सेल्फला दगा देते आणि त्याच क्षणी दाब घसरल्याने संगणक भलतेच कोड नोंदवतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे, खाण्याचा सोडा कालवलेल्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासावे, कोरडे करावे आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी लावावे. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची जाड तार दोन्ही टोकांना सोडून, घासून, घट्ट करावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण सेन्सर बदलूनही ज्यांचा दिवा गेला नव्हता अशा तीन गाड्या मी केवळ या एका बोल्टवर सोडवल्या आहेत.

गाडी मिस मारत असेल तर

पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट न ठेवता आलेला मिसफायर, आणि पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचा. ज्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, त्यांत एक पैसाही खर्च न करता दोष शोधता येतो. समजा पी०३०३ आला आहे. इंजिन थंड आणि चावी बंद असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी चालवावी. आता पी०३०१ आला तर कॉइल खराब आहे. पी०३०३ कायम राहिला तर कॉइल निर्दोष असून प्लग, इंजेक्टर किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे लागेल. गाडी चालू ठेवून एकेक कॉइल उपटून पाहण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी, कारण तिथला विद्युतदाब जीवघेणा असतो आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते.

प्लग इंजिन थंड असतानाच काढावा आणि बसवताना पहिले सगळे आटे हातानेच फिरवावेत. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग तिरका गेला तर आटे जातात आणि काम हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकते. काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी जास्त पेट्रोलची, पांढरट टोक कमी पेट्रोलची किंवा अतिउष्णतेची, आणि ऑइलने भिजलेले टोक रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलच्या झिजेची खूण आहे. ऑइल दिसल्यास घरची तपासणी संपली असे समजावे.

हवा जास्त, पेट्रोल कमी: पी०१७१

हा कोड मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच्याच नावाखाली सर्वाधिक निर्दोष ऑक्सिजन सेन्सर बदलले जातात. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर धुरातला प्राणवायू मोजतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. या दुरुस्तीचे प्रमाण ॲपमध्ये फ्युएल ट्रिम या नावाने टक्क्यांत दिसते. लघुकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. ती २० किंवा २५ टक्क्यांच्या पुढे गेली की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो.

आता इंजिन गरम झाल्यावर गाडी जागेवरच उभी ठेवून दोन ठिकाणी हा आकडा पाहावा. नुसत्या आयडलिंगला तो खूप जास्त आहे आणि रेस वाढवून २५०० फेऱ्यांवर नेल्यावर खाली येतो, असे दिसले तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. आयडलिंगला एकूण हवा थोडी असल्यामुळे छोट्या गळतीचा वाटा तिथे मोठा दिसतो. याउलट आयडलिंगला आकडा ठीक आहे आणि चढावर किंवा भारावर वाढत जातो, तर पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर संशयित आहे.

हवेची गळती शोधण्यासाठी फवारणीची साध्या पाण्याची लहान बाटली पुरते. इंजिन आयडलिंगला असताना व्हॅक्यूम पाइपांच्या टोकांवर आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगवर बारीक फवारा मारावा. भेगेवर पाणी पडताच इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. कॉइल, कपलर आणि अल्टरनेटरवर पाणी जाऊ देऊ नये, आणि बाही, उपरणे, ओढणी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावी. हेच काम कार्ब क्लीनर फवारून करतात, पण तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील द्रव फवारण्याचा धोका मी पत्करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा मॅफ सेन्सर असेल तर त्याची तार त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवावी. ब्रेक क्लीनर, कापूस किंवा बोट लावू नये, कारण ती तार केसासारखी नाजूक असते. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यामुळे स्प्रे विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीत काय आहे ते पाहावे. गाडी सीएनजीवरही चालत असेल तर एक दिवस फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम पाहावे. पेट्रोलवर आकडे नीट आणि सीएनजीवर बिघडलेले असतील तर दोष गॅसच्या बाजूला आहे, आणि त्या बाजूचा एकही नट घरी सोडू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह कायमचा काढून टाकलेल्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या आहेत. असे केल्याने इंजिन आवश्यक तापमानापर्यंत वेळेत पोहोचत नाही, संगणक त्याला थंडच समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडते आणि पी०१२८ हा कोड वारंवार येतो. त्यावर उपाय एकच आहे: योग्य अंशाचा नवा थर्मोस्टॅट बसवणे आणि कूलंटचे प्रमाण पुस्तकाप्रमाणे ठेवणे. गाडी मुळात का तापत होती, म्हणजे रेडिएटर केळीच्या बागेतल्या कचऱ्याने किंवा कापसाच्या तंतूंनी बुजला होता की पंखा फिरत नव्हता, हे वेगळे शोधावे लागते.

कन्व्हर्टर आणि डिझेल

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला की तो बदलण्याचा अंदाजपत्रकी आकडा ऐकून माणूस हादरतो. हा कोड पुष्कळदा आधीच्या दुर्लक्षित मिसफायरचा परिणाम असतो, म्हणून मिसफायरचा किंवा पी०१७१ चा कोड सोबत असेल तर तो आधी दुरुस्त करावा. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटका असेल तरी बाहेरची हवा आत खेचली जाऊन हाच कोड येतो. थंड इंजिन सुरू करताच जोडाजवळ फट्-फट् आवाज आणि काजळीचा डाग दिसतो. जोड ठीक असतील तर गरम इंजिनावर कन्व्हर्टरनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पाहावा. तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहिला तर कन्व्हर्टर काम करतो आहे. कन्व्हर्टरआधीच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ असा सतत वर-खाली नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे, आणि ते काम घरचे नाही.

बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि रोज फक्त घर ते बाजार अशा चकरा झाल्या की तो भरतो, कारण साठलेली काजळी जाळण्याइतका धूर तापतच नाही. डीपीएफचा स्वतंत्र दिवा लागल्याबरोबर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी महामार्गावर सलग चालवावी; जळगाव ते भुसावळ एक फेरी साधारणपणे पुरेशी होते. त्यानंतर लगेच वाळलेल्या गवतावर, कडब्यावर किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ गाडी उभी करू नये, कारण या वेळी सायलेन्सरचा भाग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि आग लागू शकते. डीपीएफच्या जोडीला चेक इंजिनही लागून पिकअप गेली असेल तर फेरी मारण्याची वेळ टळली आहे; गाडी गॅरेजलाच न्यावी.

कुठे थांबावे

डिझेलच्या कॉमन रेलचे पाइप घरी कधीही सोडू नयेत. त्यात १००० बारच्या पुढचा दाब असतो आणि बारीक फवारा कातडीतून थेट शरीरात शिरतो. पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल तर सेल्फसुद्धा मारू नये. पी०३३५ (क्रँकशाफ्टच्या सेन्सरचा कोड) येऊन गाडी चालता चालता बंद पडत असेल, टायमिंग चेनचा खडखडाट असेल, एअरबॅगचा दिवा सोबत असेल, हायब्रिड गाडीच्या नारिंगी तारांजवळ काम येत असेल, किंवा संगणकाच्या पेटीतच पाणी गेले असेल, तर जाणत्या मेकॅनिकला किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. वरच्या सगळ्या तपासण्या करूनही एकच कोड तिसऱ्यांदा आला तर मीही हात काढून घेतो. त्यापुढचे शोधकाम कॉम्प्रेशन गेज, धूर सोडून गळती शोधणारे यंत्र आणि कंपनीचा स्कॅनर असणाऱ्यानेच करावे.

मेकॅनिककडे जाताना स्क्रीनशॉट, दिवा लागल्याची वेळ, किलोमीटर आणि आपण काय काय तपासले याची वहीत केलेली नोंद सोबत न्यावी. सेन्सर बदलावा लागेल असे ते म्हणाले तर त्या सेन्सरचा विद्युतमार्ग मीटरने तपासला का, हे आदराने विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने दुखावत नाही. तो मीटर काढून दाखवतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसून लगेच निश्चिंत होऊ नये. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय संगणक दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत तो फक्त पेंडिंग कोड नोंदवतो. म्हणून पहाटे थंड इंजिनापासून सुरुवात करून थोडे गावातून, थोडे महामार्गावर अशी अर्ध्या तासाची फेरी दोन-तीन दिवस मारावी आणि प्रत्येक फेरीनंतर पेंडिंगची यादी आणि फ्युएल ट्रिम पाहावे. कोड न पुसताच दोष दुरुस्त केला असेल तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. मी शक्यतो तसाच विझू देतो, कारण त्यामुळे दोष खरोखर गेल्याची खात्री गाडीचा संगणकच देतो.